शरावतीचे दोन रहिवासी

सिंहपुच्छ वानर आणि गोड्या पाण्यातील डायाटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल, यांची तुलना प्रथमदर्शनी पोरकट वाटेल; पण कर्नाटकातील शरावतीच्या खोऱ्यात दोघेही नांदतात, म्हणून ती मला टाळता येत नाही.

वानराबद्दल फार सांगायला नको. चेहऱ्याभोवती करडी आयाळ असलेले हे काळे माकड दक्षिणेकडील पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही रानात आढळत नाही, त्याची संख्या सुमारे ४,००० मानली जाते आणि मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होत असल्याने घटलेला कळप सावरायला वर्षे लागतात. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाण्यापासून वाचले, त्या लढ्याचा चेहरा हेच वानर होते, आणि २०१९ मध्ये शरावतीच्या अभयारण्यालाही याचे नाव मिळाले. ते योग्यच झाले.

डायाटमाला चेहरा नाही. एकदा मित्राबरोबर ओढ्यातला दगड उचलून, त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर आम्ही दात घासण्याच्या ब्रशने खरवडून ताटलीत घेतला, तेव्हा ते नुसते गढूळ पाणी वाटले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात होडीच्या आकाराच्या, बारीक रेघांनी आखलेल्या काचेच्या डब्या दिसल्या. हे कवच सिलिकाचे असते आणि कुंकवाच्या करंड्यासारखी त्याची दोन दले एकमेकांत बसतात. पेशी विभागली की प्रत्येकीच्या वाट्याला एक जुने दल येते व आतले दल नव्याने घडते, त्यामुळे बहुतेक जातींत पिढ्यांगणिक आकार घटत जातो. पाण्यातले क्षार, आम्लता किंवा सांडपाण्याचे प्रमाण बदलले, की दगडावरच्या जातीही बदलतात.

माझा आक्षेप इथेच आहे. याच अभयारण्यात प्रस्तावित असलेल्या २,००० मेगावॉटच्या पंप्ड स्टोरेज (पाणी वरच्या जलाशयात चढवून, गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करण्याच्या) प्रकल्पावरील जे वाद माझ्या वाचनात आले, त्यांत झाडे आणि वानरे होती; दगडावरचा तो थर कुठेच नव्हता. वानरासाठी राखलेले छत्र डायाटमालाही पुरेल, हे गृहीतक मला अर्धेच पटते, कारण झाडी शाबूत राहूनही पाण्याचा प्रवाह बदलू शकतो, आणि शरावतीवर लिंगनमक्की धरण झाल्यापासून, म्हणजे १९६४ पासून, त्याच नदीवरील जोगच्या धबधब्याने तो बदल सोसलेला आहे.

डायाटमांचे अभ्यासक हेमेंद्रकुमार गांधी यांनी गेल्या शतकात कोल्हापूरप्रमाणेच जोगच्याही डायाटमांची नोंद करून ठेवली आहे. तिच्याशी ताडून पाहण्यासाठी तेथील दगड पुन्हा खरवडायला ब्रश आणि चार बाटल्या पुरतील. उरते ती जाती ओळखणारी नजर, आणि पूर्व व पश्चिम घाटांतील नद्यांतून ‘इंडिकोनेमा’ हा डायाटमांचा नवा वंश (जीनस) अलीकडेच हुडकणारी ती नजर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे.