सगळीकडे बारीक ग्रिड घ्या म्हणे!

वैताग आलाय राव. प्रगती अहवालाची बैठक बसली की समितीतलं कुणी ना कुणी हेच म्हणतं, "मॅडम, हे कुठं जाड, कुठं बारीक कशाला? सगळीकडे एकसारखं बारीक ग्रिड घ्या, शंकाच नको." उचलली जीभ लावली टाळ्याला!

माझं काम स्ट्रीमरच्या सिम्युलेशनचं, म्हणजे कॉम्प्युटरवर हवेचे छोटे छोटे घन तुकडे (सेल) पाडून प्रत्येकात काय होतं ते मोजायचं; या सेलांची जाळी म्हणजे ग्रिड. वीज पडण्याआधी हवेत आयनीभूत झालेल्या बारीक वाटा पुढं धावतात, ते स्ट्रीमर. हवेत विद्युतक्षेत्र सेंटीमीटरला ३० किलोव्होल्टच्या आसपास गेलं की आयनीभवन जोर धरतं. स्ट्रीमरच्या टोकाशी ते दीडशेपर्यंत चढतं. तिथं इलेक्ट्रॉन सरासरी पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकला की नवा इलेक्ट्रॉन सुटतो. सेल त्याहून मोठा घेतला तर टोकाचा आकार बिघडतो, वेग चुकतो. पण ही गरज टोकाच्या पातळ थरापुरती! पुढच्या मोकळ्या हवेत काय बदलायलंय की तिथंही पाच मायक्रॉन हवेत?

हिशेब तरी करा एकदा. दोन सेंटीमीटरचा घन, पाच मायक्रॉनचा सेल. एका बाजूला ४०००, एकूण ६४०० कोटी सेल. नुसती इलेक्ट्रॉनची घनता आठ बाइटमध्ये ठेवली तरी ५१२ जीबी झाले, आयन आणि विभव (व्होल्टेज) अजून बाकीच. आमच्या मशीनला रॅम आहे ६४ जीबी. आणि सेल निम्मा केला की सेल आठपट, टाइमस्टेप (एका हिशेबात पुढं सरकणारा वेळ) निम्मी, म्हणजे काम किमान सोळापट. अ‍ॅडॅप्टिव्ह ग्रिडमध्ये हेच कोटीभर सेलांत बसतं, कारण टोक सरकेल तसे बारीक सेल त्याच्यासोबत सरकतात. दुष्काळी गावात ठिबक लावलेल्या माणसाला कुणी म्हणतं का, सगळ्या रानात मोकाट पाणी का सोडलं नाहीस?

वरून सूर असा, की ही पळवाट आहे. अहो, बर्जर आणि ऑलिगर या गणितज्ञांनी ही पद्धत १९८४ ला मांडली, १९८९ ला बर्जर आणि कोलेला यांनी धक्कालहरींसाठी पक्की केली! अवघड काय असतं तर जाड आणि बारीक सेलांची शीव. इकडून गेलेला प्रवाह तिकडं तेवढाच पोचला पाहिजे, नाहीतर विद्युतभार मधेच गायब होतो आणि पुढचं सगळं क्षेत्र खोटं निघतं. माझे आठवडेच्या आठवडे त्या शिवेवर जातात. त्याच्यावर एक प्रश्न? नाही. शिवेवर भार किती टिकला त्याचा तक्ता समोर ठेवला तरी पान उलटतात.

त्यात इथली लाइट. उन्हाळ्यात डीपी जळाली की दुसरी कधी येईल भरवसा नाही, यूपीएस जेमतेम चेकपॉइंट (तोवरचं काम डिस्कवर जपून ठेवणं) लिहून होईपर्यंत टिकतो. तिथं महिनोन्महिने चालणारा रन करायचा म्हणे!

दर अवकाळीत मराठवाड्यात माणसं वीज पडून जातात. शेतात, झाडाखाली, जनावरं आणायला गेलेली. म्हणून मला हे काम नीट करायचंय, कागद भरायला नाही.

ग्रिड कुठं कमी पडलं ते बोट ठेवून दाखवा, तिथं आजच सेल अजून एक पातळी बारीक करते. ६४०० कोटी सेलच पाहिजे असतील तर आधी रॅम मंजूर करा.