भेटीचा हुकूम मोडला की थेट तुरुंग? फिरणाऱ्या मेसेजमध्ये चुकीचं काय आहे

सातारा-कराडकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कोर्टाने ठरवलेल्या दिवशी बायकोने मूल भेटवलं नाही तर हुकूम घेऊन पोलीस ठाण्यात जा. अवमानाबद्दल तिला लगेच सहा महिने कैद होते आणि ताबा तुम्हाला मिळतो. तोवर पोटगी बंद ठेवा.' यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

पोलीस ठाणे: भेटीचा हुकूम दिवाणी असतो. नुसता तो मोडला म्हणून गुन्हा नोंदवत नाहीत. तक्रार अर्ज देता येतो. त्याची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. पोलीस सोबत हवे असतील तर तसा आदेश कोर्टातूनच घ्यावा लागतो.

'लगेच सहा महिने': 1971 च्या अवमान कायद्यात सहा महिने साधी कैद आणि 2000 रुपये दंड ही कमाल मर्यादा आहे. मनापासून मागितलेली माफी कोर्ट स्वीकारू शकतं. शिवाय खालच्या कोर्टाच्या अवमानाची या कायद्याखालची शिक्षा उच्च न्यायालय देतं. सातारा-सांगलीसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (कोल्हापुरात बसणारं खंडपीठ). हुकूम मोडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

तिथे दाखवायचं असतं ते हे, की हुकूम जाणूनबुजून मोडला. अर्ज अडतो तो इथेच. हुकुमात नुसतं 'वडिलांना मुलास भेटू द्यावे' एवढंच असेल तर मोडलं काय, हेच सांगता येत नाही. 'दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी 11 ते सायंकाळी 5, पोवई नाक्यावर मूल सोपवावे' असं असेल तर सांगता येतं. मोघम हुकूम आधी त्याच कोर्टातून स्पष्ट करून घ्या. मुलाला ताप आला, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली, दुसरा दिवस सुचवला, तर हेतू वाईट ठरत नाही. चार शनिवार ओळीने ताप आणि चिठ्ठी एकही नाही, तर शंका येणारच. 'मूलच नको म्हणतं' एवढं म्हणून भागत नाही; त्याला आणायचा प्रयत्न काय केला, हे विचारलं जातं, आणि न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये स्वतः बोलू शकतात.

म्हणून आधी हुकूम देणाऱ्या कोर्टातच जा. दावा चालू असेल तर त्यातच अर्ज, निकाल लागला असेल तर दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणण्यासाठीचा अर्ज. सोबत हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल आणि भेटींचा तक्ता: तारीख, किती वाजता पोहोचलात, किती वेळ थांबलात, कोणता मेसेज केला, उत्तर काय आलं. बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस मागा, मूल सोपवायची जागा कोर्टाच्या आवारात मागा. आपल्याला मूल भेटायला हवं आहे, आणि ते या मार्गाने लवकर भेटतं. पुरावा म्हणून रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ मात्र काढू नका. त्या मुलावर आधीच पुरेसं ओझं आहे.

ताबा आपोआप बदलत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आणि तो मुलाच्या हितावर ठरतो. भेटी सतत अडवल्याचा विचार त्यात होऊ शकतो.

राहिली पोटगी. हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. पोटगीचा हुकूम वेगळा आहे. ती थकली की वसुलीचं वॉरंट निघतं आणि तरीही भरली नाही तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तक्रार करणाराच आत. तसंच पोटगी थकली म्हणून आईलाही भेट अडवता येत नाही. रक्कम ठरल्या तारखेला बँकेतूनच पाठवा आणि पासबुकातली नोंद तक्त्याला जोडा.