‘बग नंतर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या फिरणाऱ्या पोस्टचं सार असं: “फेसबुक ‘वेगाने चला, मोडतोड झाली तरी चालेल’ म्हणत मोठं झालं. टेस्टिंग म्हणजे वेळखाऊपणा. आधी रिलीज करा, बग (सॉफ्टवेअरमधली चूक) निघालाच तर अपडेट टाकू.”

फेसबुकची गोष्ट इथे अर्धीच सांगितली आहे. खुद्द झुकेरबर्ग यांनी २०१४ मध्ये ते घोषवाक्य बदललं आणि वेगाला स्थिर इन्फ्रास्ट्रक्चरची, म्हणजे पायाभूत यंत्रणेची, जोड दिली. बग निस्तरण्यात कमावलेला वेळ परत जात होता, एवढं साधं कारण.

टेस्टिंग वेळखाऊ? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड ८ सर्व्हरवर हवा होता; एकावर चढवायचा राहिला. त्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि त्याचाच फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) नव्या फीचरला दिलेला. बाजार उघडताच जुना कोड जागा झाला, भलत्याच ऑर्डरी सुटू लागल्या. घाबरून टीमने बाकीच्या सातांवरून नवा कोड काढला; तिथेही जुनाच कोड उरला, म्हणजे रोग तिथेही पोचवला! सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर कोड चढवणं) दुसऱ्या कुणी तपासावं, असा लेखी नियमच तिथे नव्हता. त्या तपासणीला किती वेळ लागला असता, हे पोस्टवाल्यांनीच सांगावं.

‘अपडेट टाकू’ हे तर सर्वांत फसवं. शुक्रवारी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपलं सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं. तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली होती. जे मशीन सुरूच होत नाही, ते नवं अपडेट घेणार कसं? अनेक ठिकाणी माणसांनी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींनिशी मशीन सुरू करून) जाऊन त्या अपडेटची सदोष फाइल उडवली. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

पोस्टमध्ये तथ्य आहे, पण मर्यादित. बटणाचा रंग किंवा चार ग्राहकांना दाखवायचा प्रोटोटाइप खुशाल आज सोडा. चुकला तर संध्याकाळी बदला. पैसे, आरोग्य, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा यांना तो न्याय लावू नका. तिथे अपडेट आधी मोजक्या मशीनवर सोडायचं, ती नीट चालताहेत हे पाहून पुढे जायचं. क्राउडस्ट्राइकनेही तशा अपडेट फाइलींसाठी अशी टप्प्याटप्प्याची पद्धत आणली, पण त्या शुक्रवारनंतर.