दाढ काढली की डोळा जातो?

‘दाढ काढी का डोया जास’ हे अमळनेर-पारोळ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होतंच. आता तेच मोबाइलवर फिरतंय, आणि पेशंट खुर्चीत बसण्याआधी मला वाचून दाखवतात: ‘वरच्या दाढेची नस थेट डोळ्याला जोडलेली असते. दाढ काढताना ती तुटते, नजर कायमची जाते. एकाला इंजेक्शननंतर दोन-दोन दिसू लागलं. दुखली तरी दाढ काढू नका.’

नसेचं आधी. दात आणि डोळ्याभोवतीची कातडी यांची संवेदना नेणारी नस एकच, मेंदूची पाचवी. फांद्या मात्र वेगळ्या. म्हणून दाढ ठणकली की डोळाही ठणकतो. पण दिसतं ते दुसऱ्या नसेमुळे. ती डोळ्यामागून मेंदूत जाते, जबड्यात उतरतच नाही. चिमटा तिच्यापर्यंत पोचणार कसा?

दोन-दोन दिसलं, हे मात्र मी खोटं म्हणणार नाही. क्वचित होतं तसं. दाढ निघाल्यामुळे नाही, भुलीमुळे. वरच्या मागच्या दाढेसाठी सुई खोल जाते आणि तिथून डोळ्याची खोबण लांब नाही. औषध फटीतून तिकडे झिरपलं तर डोळा बाहेर वळवणारा स्नायू सुन्न पडतो. दोन्ही डोळे एका जागी लागेनात, की एकाचे दोन दिसतात. सुई धमनीत गेली तर औषध उलटं चढून डोळ्याच्या रक्तवाहिनीतही पोचू शकतं. मग पापणी पडते, बाहुली मोठी होते, अंधारी येते. म्हणूनच औषध सोडण्याआधी आम्ही दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येतंय का ते बघतो.

‘कायमची’? लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, उतरलं की बहुतेकांची नजर पूर्ववत होते, काही मिनिटांत नाहीतर काही तासांत. कायमचं नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी तुरळक. असं झालंच तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा, डोळ्यावर पट्टी ठेवा, मोटारसायकलवर गावी निघू नका. भूल उतरूनही दोन-दोन दिसत राहिलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. एका डोळ्यापुढे पूर्ण अंधार झाला तर लगेच.

खरा घात त्या मेसेजच्या शेवटच्या वाक्यात आहे: ‘दाढ काढू नका.’ कपाशीची वेचणी होऊ द्या, मग बघू, म्हणत लोक सडक्या दाढेत लवंग दाबून महिने काढतात. वरच्या दाढेचा पू गालाच्या हाडातल्या पोकळीत आणि तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो. पापणी सुजली, डोळा पुढे आला, ताप चढला, तर रात्र असली तरी मोठा दवाखाना गाठा.