मुले हिशेब करतात, आकडे आपण लपवतो

किशोरवयीन मुलांना धोका कळतच नाही, असे गृहीत धरून आपल्याकडे त्यांच्या लैंगिक आरोग्याचा विचार होतो आणि माझ्या मते घोडे तिथेच पेंड खाते.

अर्थशास्त्रज्ञ पास्कलिन ड्यूपा यांनी 2004 मध्ये पश्चिम केनियात केलेला प्रयोग या बाबतीत मुळातून समजून घ्यावा असा आहे. तिथल्या शाळांत एचआयव्हीविषयी सरकारी अभ्यासक्रम आधीपासून होता आणि त्याचे सार एवढेच होते, की लग्नापर्यंत संयम पाळा. ड्यूपा यांनी 71 शाळांत आठवीच्या वर्गावर 40 मिनिटांचा एकच तास ठेवला. त्यात एक छोटी चित्रफीत दाखवली आणि जवळच्या किसुमू शहरात कोणत्या वयाच्या किती स्त्री-पुरुषांना लागण झाली आहे, याचे प्रमाण फळ्यावर मांडले. आपल्या वयाच्या मुलांपेक्षा मोठ्या पुरुषांमध्ये ही लागण कितीतरी जास्त आहे, हे मुलींना तिथे समोर दिसले. त्यानंतर या मुलींमधील गर्भधारणेचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले. संयमाच्या सरकारी धड्यांनी मात्र त्यात काहीही फरक पडला नव्हता. मोठ्या वयाचा पुरुष पैसे देतो, भेटवस्तू देतो, दिवस गेलेच तर सांभाळण्याची ऐपत त्याच्याकडे असते. म्हणजे त्याची निवड करणारी मुलगी मूर्ख नव्हती, तिच्या हिशेबात फक्त एक रकाना कोरा होता.

अर्थात, माहिती मिळाली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये दाखवून दिले, की गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात. त्या वयात कोण पाहत आहे याला फार वजन असते. म्हणूनच कंडोम घ्यायला मेडिकलमध्ये गेलेला मुलगा काउंटरवर ओळखीचे काका दिसताच डोकेदुखीची गोळी मागून परत येतो. त्याला धोका ठाऊक असतो, पण काकांची नजर त्या क्षणी अधिक जवळची असते. त्यामुळे ज्ञानाइतकीच सोयीच्या, खासगी जागेचीही गरज आहे.

महाराष्ट्रात 2007 मध्ये विधिमंडळात ओरड झाली आणि सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले. कारण अर्थातच संस्कृतीचे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधीच झालेले होते. या मुलींचे लैंगिक आयुष्य कोणा पाश्चात्त्य वाऱ्याने नव्हे, तर घरच्यांनी मांडव घालून सुरू करून दिले. सोळाव्या वर्षीच्या बाळंतपणात विशीतल्या बाळंतपणापेक्षा धोका किती वाढतो, हे अशा मुलींना नववीच्या वर्गातच सांगायला नेमकी कोणाची आणि कशासाठी हरकत आहे, हे विरोध करणाऱ्यांनी एकदा स्पष्ट बोलावे.