“टायर बदलायला एवढं पुराण कशाला?” या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली “धन्यवाद, प्रत्येकाचं मत वेगळं” असं टाकून सुटता आलं असतं, पण तुम्ही मुद्दे घेऊन आलाय तर मुद्द्यानंच बोलू, म्हणून हे लांबलचक लिहायलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या वेळी मी म्हणलं होतं की थार, गुरखा, स्कॉर्पिओ असल्या गाडीचा मोठा टायर एकट्यानं बदलताना तो हातानं उचलायचाच नाही. त्यावर दादा म्हणतात, ट्रकवरची क्लीनर पोरं याच्या दुप्पट वजनाचा टायर एकटी बदलतात, त्यांना कुठं कमरेचं कौतुक. गुडघ्यात वाकून पाठ सरळ ठेवली, वर पट्टा बांधला की झालं. आणि एवढीच भीती वाटत असेल तर पंक्चरवाल्याला फोन करावा, पुराण लावू नये.

आधी ट्रकचंच घेतो. हैदराबाद रोडला बोरामणीच्या पुढं कुणी ट्रक बाजूला घेऊन टायर बदलत असेल तर पाच मिनिटं थांबा आणि त्या पोराच्या हाताकडं बघा. १०.०० आर २० चा टायर रिमसकट शंभर किलोच्या घरात जातो, म्हणजे आपल्या टायरच्या दुप्पट कसला, तिप्पट. क्लीनर तो उचलतच नाही ओ! टायर उभा करतो, गुडघा लावून ढकलत हबपाशी, म्हणजे चाक जिथं बसतं त्या मधल्या भागापाशी नेतो, खाली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घालून दाबतो, टायर दोन बोटं वर येतो, मग दुसऱ्या हातानं फिरवून स्टडवर, म्हणजे नट लावायच्या हबवरच्या दांड्यांवर बसवतो. वजन टॉमीनं पेललं, त्यानं नुसता रस्ता दाखवला. उसाच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक घ्या, त्यात तर वजनासाठी पाणी पण भरतात, ते उचलायच्या भानगडीत पडणारा माणूस मी तरी बघितला नाही. टायर खरंच जड असला की माणूस आपोआप अक्कल वापरतो, घोळ होतो तो आपल्या ३०-४० किलोवाल्याला, कारण तो जोर केला की उचलतो! आणि उचलतो म्हणून आपण उचलतो.

आता तुमचं ते गुडघ्यात वाकणं. सल्ला चुकीचा नाही, पण तो दोन गुडघ्यांच्या मधे मावणाऱ्या ओझ्यासाठी आहे. थारचा २५५/६५ आर १८ टायर घ्या, आडवा पडला की ७९ सेंटिमीटरचं ताट. ते कुणाच्या गुडघ्यात मावतंय? मग तुम्ही कितीही छान बसा, टायर तुमच्या गुडघ्यांच्या पुढंच राहणार आणि हात लांब करूनच धरावा लागणार. पाठीचे स्नायू मणक्याच्या मधापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटरवरून ओढतात, तर ३० किलो ओझं ४५ सेंटिमीटर लांब धरलं की त्या स्नायूंना आठपट, म्हणजे २४० किलोच्या आसपास ताण द्यावा लागतो, आणि ह्यात वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही. हा सगळा दाब जातो मणक्याच्या खालच्या दोन चकत्यांवर, एल ४-एल ५ आणि एल ५-एस १, स्लिप डिस्कच्या बहुतेक केसेस ह्याच दोन ठिकाणच्या असतात. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था आहे, त्यांच्या उचलण्याच्या गणितात सगळं मनासारखं असेल, म्हणजे ओझं अंगालगत, साधारण मांडीच्या उंचीवर, अंग न पिळता, तर २३ किलो धरतात, आणि ओझं लांब गेलं, खाली गेलं, अंग वळलं की तो आकडा उतरतच जातो. आपला टायर सुरुवातच ३० पासून करतो, मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा जाड नक्षीचा टायर, आणि लोखंडी रिम असेल तर ३५-४०.

पट्ट्याचं एका वाक्यात, त्याच नायॉशनं १९९४ साली सगळा अभ्यास तपासून सांगितलं की धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यानं वाचते असा पुरेसा पुरावा नाही. उलट पट्टा बांधला की माणूस जास्त उचलायला जातो असं माझं मत, बांधायचा तर बांधा.

मग करायचं काय तर टायर गाडीपाशी उचलायचा नाही, गाडी टायरच्या उंचीला आणायची. जॅक आहे की आपल्याकडं, दोन टनाची गाडी तो उचलतो, त्यालाच तो दोन सेंटिमीटरचा फरक पण काढू द्या. फुटलेला टायर जमिनीवरून जेमतेम सुटला की पंप थांबवायचा, लोक उगाच वीतभर वर घेतात आणि मग तेवढाच टायर हातानं चढवत बसतात. खराब टायर काढला, नवा उभ्या उभ्या गडगडवत हबसमोर आणला, भोकं स्टडच्या रेषेत फिरवली, आणि स्टड थोडे खाली राहिले तर जॅकला एक-दोन दाब अजून. स्टड भोकासमोर आला की गुडघ्यानं टायर आत ढकला. बास. शेवटची जुळवाजुळव शक्यतो वर चढवतच करा, कारण बॉटल जॅकचा व्हॉल्व जरा जास्त उघडला की गाडी धप्पकन खाली येते. जमीन वेडीवाकडी असेल आणि तरी बोटभर फरक पडला तर टॉमी नाहीतर शेतातली पहार टायरखाली, तिच्याखाली एक दगड, आणि पायानं दाब. मीटरभराची पहार, दगड टायरच्या बाजूनं १५ सेंटिमीटरवर, तर ३० किलोला पाच-सहा किलोचा दाब पुरतो आणि दोन्ही हात टायर फिरवायला मोकळे राहतात.

टायर कायम उभाच ठेवायचा हे पण त्यातच आलं. उभ्या टायरची जाडी २५ सेंटिमीटर, म्हणजे त्याचं वजन तुमच्या अंगालगत राहतं. आडवा पडलाच तर सगळा उचलू नका, एकच कड उचला, तेव्हा साधारण निम्मंच वजन हातात येतं.

गाडी जॅकवरून घसरेल असं कुणीतरी म्हणणारच म्हणून आधीच सांगतो, ही भीती खरी आहे. नुसत्या गिअरच्या भरवशावर राहू नका, मागचं एक चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शियलमधे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमधे, ते चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं, गिअर काही धरून ठेवत नाही. हँडब्रेक ओढा, आणि ज्या चाकाचं काम आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. थारला मागं अख्खा अ‍ॅक्सल आहे, मागच्या चाकासाठी जॅक त्याच्याखाली चाकाजवळ लावला की कमी पंपात काम होतं, चासीखाली लावला तर आधी सस्पेन्शन लोंबकळत राहतं आणि गाडी उगाच वर न्यावी लागते. पुढचं सस्पेन्शन वेगळं आहे, तिथं मॅन्युअलमधे दाखवलेल्या जागीच. जॅकखाली लाकडी फळी पाहिजेच पाहिजे, आपल्याकडची काळी माती वरून कडक दिसते आणि वजन आलं की जॅक आत जातो, पावसाळ्यात मंगळवेढ्याकडं शेतात गाडी घातली असेल त्याला हे सांगायला नको. गाडीखाली डोकं-हात घालायचा नाही, हे पण सांगायला नको.

नटांवर पण कंबर जाते, ते लोकांच्या लक्षात येत नाही. टायरवाल्यानं मशीननं आवळलेले नट हातानं ओढत बसायचं नाही. गाडी खाली असतानाच, जॅक लावायच्या आधी, पाना डावीकडं आडवा येईल असा लावा, गाडीला धरून उभं राहा आणि पायानं हळूहळू वजन टाका, नट सुटायची दिशा तीच आहे. उड्या मारू नका, पाना निसटला की नडगी जाते. घरचा पाना आखूड असेल तर वर लोखंडी पाईप घाला. टायर गंजून हबला चिकटला असेल तर जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका राव, नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटेच ढिले करा, जॅक हळूच उतरवा, गाडीच्याच वजनानं सुटतो. गुडघ्याखाली एक जुनी सोलापुरी चादर घडी करून टाका, मे महिन्यात खाली डांबर कसं तापतं ते तुम्हाला माहितीय. आणि दोन-तीन तास गाडी चालवून आलाय तर उतरल्या उतरल्या वाकू नका, बसून बसून कंबर सैल पडलेली असते, तेव्हाच उसण भरते. चार मिनिटं फिरा, तेवढ्यात दगड शोधून होतात.

आता पंक्चरवाला. सोलापुरात असाल तर बोलवा की, मी कुठं नको म्हणलंय. पण नान्नजच्या माळावर नाहीतर उजनीच्या बॅकवॉटरला कच्च्या रस्त्यानं आत गेल्यावर फोनला रेंज असली तरी बाईकवर जॅक घेऊन येणार कोण? आणि खरं सांगू, तुम्ही जो मुद्दा मांडायला पाहिजे होता तो मांडलाच नाही, की पुष्कळदा टायर काढायची गरजच नसते. बाभळीचा काटा किंवा खिळा ट्यूबलेसच्या मधल्या पट्ट्यात घुसला असेल तर चाक गाडीवरच ठेवून, पुढं-मागं करून पंक्चर समोर आणायचं, पट्टी घालायची आणि कॉम्प्रेसरनं हवा भरायची. कंबर वाचवायचा ह्याच्याइतका सोपा उपाय नाही. साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू फाटली तर मात्र पट्टी चालत नाही, स्टेपनी काढावीच लागते.

आणि स्टेपनी हाच सगळ्यात वाईट भाग आहे, चाक बदलणं त्यापुढं काहीच नाही. थारची स्टेपनी मागच्या दारावर, कमरेच्या आसपास. काढताना खाली एक मजबूत भाजीचा क्रेट ठेवा, वरचा नट शेवटी सोडा, अंगाला लावून मांडीवरून घसरत क्रेटवर आणि मग जमिनीवर, दोन टप्प्यात. हात लांब करून झेलायला जाऊ नका. पण खराब टायर परत दारावर एकट्यानं चढवायचा नाही. कुणी कितीही पैलवान असू दे. फळी मागच्या दारात तिरकी लावा, टायर तिच्यावरून ढकलत आत न्या, सीट खराब होतीय तर होऊ दे, दोरीनं आवळून टाका आणि वर लावायचं काम टायरच्या दुकानात दोघांना करू दे. बसवलेल्या चाकाचे नट गाडी खाली उतरवल्यावर परत तिरके-तिरके आवळा, आणि तुळजापूरला जाऊन आलात म्हणजे नव्वदेक किलोमीटर झाले की एकदा पाना लावून बघा.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की एवढं सामान घेऊन कोण फिरतं. फळी, टॉमी, चादर, पाईपचा तुकडा, सगळं मागच्या सीटखाली नाहीतर बाजूला मावतं, क्रेट मोठा वाटत असेल तर त्यातच बाकीचं भरा. तुमची गाडी कोणती ते लिहिलं नाहीत, जुनी लीफ स्प्रिंगवाली असेल तर जॅकची जागा वेगळी सांगावी लागेल, आणि नट ऐवजी बोल्टवाली असेल तर टायर टेकवून ठेवायला स्टडच नसतो, तिथं बोल्टच्या भोकात आधी एक गाइड पिन घालावी लागते. कोणती आहे ते कळवा, तसं सांगतो.