पोरगी वाचून राहिली? घाबरू नका, इलाज आहे

तुमच्या घरात दहावी-अकरावीची मुलगी आहे आणि जेवताना तिचं लक्ष ताटात नसून मांडीवर आहे, तर "असेल मोबाईल" म्हणून निर्धास्त राहू नका. वाकून बघा. पुस्तक निघू शकतं. असं निघालं की घरावर काय प्रसंग ओढवतो ते मी जवळून बघितलं आहे, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगून ठेवतो.

आधी खात्री करून घ्या. रात्री दीडला पांघरुणाखाली उजेड दिसला तर एकदम ओरडायचं नाही. रील बघत असेल तर हळूच दार लोटून घ्या, वय असतं. कादंबरी असेल तर मात्र मोठा दिवा लावा आणि "हे कधीपासून चालू आहे?" असं अशा आवाजात विचारा की बाजूच्या खोलीतल्या आजीला वाटलं पाहिजे, नातीच्या दप्तरात सिगारेटचं पाकीट सापडलं.

चष्म्याचा नंबर वाढला की पुस्तकांच्या नावावर टाका. क्लासच्या टॅबवर ती रोज सहा-सहा तास फिजिक्सचे व्हिडिओ बघते, त्याने डोळ्यांना काही होत नाही. त्याची फी भरलेली असते.

"वाचू नको" असं तोंडाने कधीही म्हणू नका, आपण मागासलेले दिसतो. "वाच ना, कोण नाही म्हणतं, पण नीटची परीक्षा झाल्यावर" असं म्हणा. नीटनंतर काउन्सेलिंग, मग एमबीबीएस, मग पीजीची नीट, मग स्थळं. पुस्तक असं सरकत सरकत रिटायरमेंटपर्यंत जातं, आणि तेव्हा व्हॉट्सॲप असतंच. तोवर वाचायची हौस एनसीईआरटीच्या बायोलॉजीवर भागवावी. ओळन् ओळ वाचायची, सरही तेच सांगतात. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक कापला. एखादं वाक्य आवडलं म्हणून त्याच्यापाशी रेंगाळायची सवय अशा पोरीला किती महागात पडेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

अकरावीला मराठी घेऊ देऊ नका. आयटी घ्यायला लावा, स्कोरिंग आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही स्टेटस ठेवलं होतं ना? मग झालं.

वर्षातून एक दिवस सूट आहे. १५ ऑक्टोबर, कलामसाहेबांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी शाळेतल्या काचेच्या कपाटाचं कुलूप निघतं, कारण किल्लीवाले बाबू नेमके त्या दिवशी रजेवर नसतात. पुस्तकं वाटतात, सगळं मैदान अर्धा तास वाचतं, फोटो निघतात, पुस्तकं मोजून परत घेतात. त्या अर्ध्या तासात तुमची कन्या पुस्तकात गुंतली आणि परत द्यायला तिला उशीर झाला, तर बाई तक्रार करतील. मान खाली घालून ऐकून घ्या.

पुस्तकं कबाडीवाल्याला एकदम देऊ नका. पेपरच्या रद्दीत एकेक सरकवत जा, लक्षात येत नाही.

वाचनालयाचं सभासदत्व वगैरे मागितलं तर "तिकडे पार्किंगच नाही" म्हणा. राजाराम वाचनालय असो की विदर्भ साहित्य संघ, हे कारण नागपुरात कुठेही चालतं. ती सायकलने जाणार असते, हा मुद्दा तिला काढू देऊ नका.

या पोरींना दुसराही आजार जडतो, फिरण्याच्या स्वप्नांचा. त्यात थोडा दोष गावाचा आहे. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन लाइनी जिथे एकमेकींना छेदतात असं स्टेशन आपल्याच गावात यावं? जिथून अंतरं मोजायचे म्हणतात तो झिरो माईलचा खांब अन् त्याच्याजवळचे ते घोडे आपल्याच सीताबर्डीजवळ असावेत? घराची खिडकी अजनी स्टेशनकडे उघडते आणि रात्री गाडीची शिट्टी ऐकू येते, मग पोरगी जीटी एक्स्प्रेसचं वेळापत्रक पाठ करणार नाही तर काय करेल! शक्यतो खिडकी बंद ठेवा. कूलरचं कारण सांगता येतं.

आणि ती लिहीतही असेल तर आता जरा लक्ष देऊन वाचा.

वही शोधायची. गादीखाली बघू नका, तिथे सगळेच बघतात म्हणून त्या ठेवत नाहीत. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल बुकाचं खाकी कव्हर फुगलेलं दिसेल, त्यात असते. सापडली की तिला न विचारता वाचायची. वही तिची असली तरी घर तुमचं आहे, ईएमआय तुम्ही भरता. आणि एकट्याने वाचून संपवू नका. पाहुणे येईपर्यंत थांबा.

आमचे भाऊजी थांबले. मागच्या रविवारी ताईकडे नाश्त्याला बोलावणं होतं. तर्री-पोहे, वर बारीक कांदा, लिंबू. भाऊजींच्या ऑफिसातले दोघं सपत्नीक, शेजारचे काका-काकू, आणि मी. कोणीतरी नेहमीचं विचारलं, "मग काय ठरलं पोरीचं?" भाऊजी उठले, आतून निळ्या पुठ्ठ्याची वही आणली, चष्मा चढवला अन् म्हणाले, "ऐका, आमच्या मॅडम कुठं कुठं जाऊन राहिल्या."

यादी होती. प्रत्येक नावापुढे गाडी, तास, तिकिटाचा अंदाज, सगळं पट्टीने आखून. "नंबर एक, रामटेक. कंसात, एकटीने." हशा. शेजारचे काका म्हणाले, "आधी बुटीबोरीले तं जाऊन दाखव म्हणा." आणखी हशा. "नंबर चार, माजुली." हे कोणतं औषध बे, असं एक जण बोलला. तेव्हा तर एक काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. आसामात ब्रह्मपुत्रेतलं बेट आहे ते, पण त्या टेबलावर हे माहीत असणारी एकच व्यक्ती होती आणि ती स्वयंपाकघराच्या दारात तर्रीचं पातेलं धरून उभी होती. मग धनुष्कोडी. मग मॉस्को ते, पुढे भाऊजी अडखळले. "९,२८९ किलोमीटर. मॉस्को ते व्लादी... व्लादी व्होस... काय लिहिलं बावा हे!"

"व्लादिवोस्तोक, बाबा," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. कान लाल झाले होते. पातेलं टेबलावर ठेवलं, पळी आत टाकली, कोणाला तर्री कमी आहे ते बघून वाढली आणि आत गेली. इकडे हसणं चालूच. "अरे थांबा, खाली कविता पण आहे," भाऊजी म्हणाले आणि तीही वाचली, हातवारे करून. ताई "पुरे ना आता" म्हणाली, पण हसत हसत म्हणाली.

कविता बरी होती. दुसरं कडवं तर चांगलंच होतं. वाईट असती तरी काय बिघडलं असतं? सोळा वर्षांच्या पोरीने अर्ध्या रात्री कोणासाठी लिहिलं होतं ते, ऑफिसातल्या दोघांसाठी? मी तिथेच बोललो तर भाऊजी म्हणाले, "गंमत आहे यार, तू पण ना. तूच डोक्यावर चढवून ठेवलं तिला, पुस्तकं आणून आणून." म्हणजे दोषही मामाचा.

आता त्या टेबलाचा हिशेब करू. पोट धरून हसणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा कोचिंगसाठी कोट्याला आहे. राजस्थानात. सोळाव्या वर्षी एकट्याला हॉस्टेलवर सोडून आले, पेढे वाटले. ते एकटं राहणं चालतं. रामटेक आहे पन्नास किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येतं, ते चालत नाही. ते ऐकून पदराने डोळे पुसावे लागतात. ज्या कोट्यात पोरांनी गळफास घेऊ नये म्हणून हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश २०२३ मध्ये प्रशासनाला काढावा लागला, तिथे पोरगं पाठवताना कोणालाही "एकटा?" असं विचारावंसं वाटलं नाही.

आणि हसलात कोणत्या गावाला, ते तरी माहीत आहे का? कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर बसून ढगाला अलका नगरीपर्यंतचा रस्ता समजावतो. कोणती नदी लागेल, कुठे थांबून पाणी प्यायचं, आणि वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नको. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं, ते मॉरिस कॉलेजचे, आपल्याच गावचे. वाकडी वाट करून एक सुंदर शहर बघून जा, असं प्रेमाने सांगणारा माणूस ज्या टेकडीवर बसला होता तिथे जायचं म्हणते पोरगी, आणि तुम्ही तिला पर्सेंटाइल विचारता. वर तिथल्या संस्कृत विद्यापीठाला कालिदासाचं नाव दिलं की आपली जबाबदारी संपते.

असो. सल्ले राहिलेत.

"फिरायचं तर लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत फिर." हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी, काकूंकरवी.

सहलीला नेऊ नका असं मी म्हणत नाही. टूरवाल्याबरोबर न्या. सकाळी सहाला उठवणं, साडेसहाला पोहे, पंधरा मिनिटं पॉइंट, बसमध्ये अंताक्षरी. परत आल्यावर प्रवास या प्रकाराचा तिला आपोआप वीट येईल.

"लेखक होऊन पोट भरतं का?" हे विचाराच. विचारताना ज्या कंपनीत तुम्ही सव्वीस वर्षं दर सोमवारी रडत जाता तिचं नाव काढू नका.

दसऱ्याला तिला दीक्षाभूमीकडे फिरकू देऊ नका. तिथे फार धोका आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तिथे दरवर्षी लाखो लोक येतात आणि आपण बाल्कनीत उभं राहून ट्रॅफिक कुठून वळवलाय तेवढं विचारतो. कधी आत जाऊन पुस्तकांचे स्टॉल बघितले का? मी जातो. गावाहून आलेली बाई, पायाला धूळ, कापडी पिशवी. येताना पिशवीत भाकरी असते, जाताना पुस्तकं. स्टॉलवर उभी राहून नातवाच्या हातात पुस्तक देते अन् म्हणते, "वाच बरं, काय लिहिलं." तो अडखळत वाचतो. ती मान डोलावते, कनवटीची नोट काढते, घडी उलगडून स्टॉलवाल्याला देते. घासाघीस नाही. तिला कोणी अवांतर वाचनाचे तोटे समजावून सांगितलेले नसतात. तिला एवढंच माहीत असतं की ज्या माणसामुळे ती इथे आली, त्याने मुंबईत घर बांधताना पुस्तकांसाठी जागा आधी धरली होती. आणि तुमच्या थ्री बीएचकेत टीव्हीच्या युनिटला सोळा कप्पे आहेत. त्यात काय आहे? चिनी मातीचे हत्ती. सिंगापूरचा सिंह. पुस्तकाला एक फळी नाही, म्हणून पोरगी प्रॅक्टिकल बुकाच्या कव्हरात लपवते.

आता मला उपरोध जमेना, सरळच बोलतो.

डॉक्टर पाहिजे ना तुम्हाला पोरगी? मग आनंदीबाई जोशींचं नाव तुमच्याच तोंडी असतं, जनरल नॉलेजमध्ये एका मार्काला. १८८३ साली अठरा वर्षांची ती मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा इकडेच राहिला. सोबत ओळखीच्या परदेशी बायका. जायच्या आधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) कॉलेजात भर सभेत उभी राहून आपण अमेरिकेला का चाललो ते तिने सगळ्यांना सांगितलं. तेव्हाही हसणारे होतेच. त्यातल्या एकाचंही नाव आज कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला तिची डिग्री पाहिजे, बोट नको.

तुमच्या घरात दारू नाही, तंबाखू नाही. पोरगी वर्गात पहिल्या पाचात आहे, मागते काय तर पुस्तक आणि एक खिडकी. एवढ्याने तुमची झोप उडते? लाज वाटायला पाहिजे ती तिला नाही, तुम्हाला. वही चोरून वाचणं ही गंमत नसते, ती चोरी असते. पाहुण्यांपुढे वाचून दाखवली की ती चोरी आणि वर बेइज्जती. कामावर तुमच्या ड्रॉवरमधली डायरी कोणी अशी वाचली असती तर युनियनपर्यंत गेला असता.

भाऊजी, वही तिला परत द्या. गंमत केली वगैरे म्हणू नका, चुकलो म्हणा, आणि ज्या टेबलावर वाचली त्याच टेबलावर, त्याच लोकांसमोर म्हणा. ताई, तू हसलीस, तुझ्याशी वेगळं बोलायचं आहे. आणि या दिवाळीच्या सुट्टीत तिला रामटेकला जाऊ द्या. एकटीला. एसटी आहे, रेल्वे आहे. दर दहा मिनिटांनी फोन करू नका. एखादी गाडी चुकली तर पुढच्या गाडीने येईल, वेळापत्रक तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.